बर्फावर टाकायची ग्रॅनाइट ग्रिट: फाटकापुरती घ्या, मैदानासाठी नको

कॅनडातल्या दक्षिण ऑन्टारियोत घोडे पाळणाऱ्यांच्या शेडमध्ये जानेवारीपर्यंत एक गोणी हमखास येऊन पडते: कोंबड्यांना दाण्याबरोबर द्यायची ग्रॅनाइटची बारीक खडी, म्हणजे पोल्ट्री ग्रिट. ५० पौंडांची, म्हणजे सुमारे २२.७ किलोची गोणी पशुखाद्याच्या कुठल्याही दुकानात मिळते. कोंबड्यांसाठी बनवलेली ही वस्तू बर्फावर शिंगरांचे पाय किती वाचवते, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. आमचं मत आधीच सांगतो. तबेल्याच्या दारापासून फाटकापर्यंतची वाट, फाटकाच्या आतली जागा आणि पाण्याची टाकी या तीन ठिकाणांसाठी हिच्यापेक्षा चांगलं काही नाही. पण ग्रिट टाकली म्हणून शिंगरं निर्धास्तपणे मोकळी सोडता येतील, असं समजून घेत असाल तर घेऊ नका.

घेताना दोन चुका होतात. एक म्हणजे शेजारच्याच फळीवरची शिंपल्यांची गोणी उचलली जाते. शिंपल्याचे तुकडे चपटे आणि ठिसूळ असतात, टापेखाली त्यांचा चुरा होतो. गोणीवर ग्रॅनाइट लिहिलेलं आहे ना, ते बघूनच घ्या. दुसरी चूक आकाराची. पिल्लांसाठीची ग्रिट जाड रव्यासारखी असते, ती ताज्या बर्फात दिसेनाशी होते. मोठ्या पक्ष्यांसाठीची ग्रिट खुराच्या तळव्यातल्या खाचांत अडकून बसते. मधली, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी घ्या. दाणा बोटांत चोळला की कडा टोचल्या पाहिजेत. नदीतली गोल वाळू आणि हिच्यात खरा फरक या कडांचाच आहे.

प्रमाण दर चौरस मीटरला सुमारे १ किलो. सव्वा मीटर रुंद आणि १५ मीटर लांब वाटेला एक गोणी पुरते. त्याहून दाट टाकून पकड वाढत नाही, दाणे दाण्यांवर घरंगळतात एवढंच.

टाकायची पद्धत थंडीवर ठरते, आणि गोणीवर हे कुठेच लिहिलेलं नसतं. तापमान शून्याच्या आसपास असेल आणि बर्फावर पाण्याचा पातळ थर असेल, तर नुसती पसरली तरी दाणे बसतात. उणे १०च्या खाली मात्र बर्फ दगडासारखा होतो आणि कोरडे दाणे त्यावर छऱ्यांसारखे फिरतात. मग ती वाट ग्रिट न टाकलेल्या वाटेपेक्षा वाईट. अशा वेळी आधी ग्रिट पसरा आणि बारीक भोकांच्या झारीने वरून गरम पाणी नुसतं शिंपडा. दाणे अर्धे रुततात आणि १०-१५ मिनिटांत जागच्या जागी गोठतात. हात सैल सोडून पाणी ओतलंत तर वर नवी काच तयार होईल. नंतर बुटाची टाच जोरात घासून पाहा. दाणे सुटून आले तर घोडा आणू नका.

हिचा खरा दोष उन्हात दिसतो. करड्या दाण्यांना ऊन लागलं की ते तापतात, खालचा बर्फ वितळवत आत जातात, आणि रात्री त्यांच्यावर पुन्हा गुळगुळीत थर धरतो. संध्याकाळी खडबडीत असलेली वाट सकाळी आरशासारखी. दाणे बर्फाखाली स्पष्ट दिसतात, त्यामुळे डोळा फसतो. वितळणं-गोठणं सुरू असलेल्या आठवड्यात रोज सकाळी ताजा हात मारावा लागतो. सगळ्या पॅडकसाठी, म्हणजे घोडे सोडायच्या कुंपणातल्या मैदानासाठी, हे परवडणारं नाही ते यामुळेच.

मीठ स्वस्त आहे, पण साधं मीठ उणे ९च्या खाली जवळजवळ निकामी होतं. शिवाय शिंगरं ते चाटतात आणि खुरांवरच्या कातडीला त्रास होतो. ते फक्त माणसांच्या पायऱ्यांवर वापरा. चुलीतली लाकडाची राख पकड देते, पण ओली झाली की लगदा होतो, आणि जुनी लाकडं जाळली असतील तर तिच्यात खिळे निघतात. कोरडा भुसा आणि पेंढा टाकूच नका, पायाखालून सरकतात. तबेल्यातलं ओलसर, लीद मिसळलेलं अंथरूण पातळ पसरलं तर गोठून बरं चिकटतं, पण पाऊस आला की तेच निसरडं.

आता शिंगरांकडे येऊ. गेल्या वसंतात जन्मलेलं शिंगरू जानेवारीत ८ ते ११ महिन्यांचं असतं. हाडांची वाढीची टोकं अजून खुली, अंगात दम भरपूर आणि अंदाज शून्य. मागचे पाय दोन्हीकडे फाकले तर मांडीच्या आतले स्नायू फाटतात, कधी कंबरेचं हाड मोडतं. दोन दिवस ठाणबंद राहिलेलं शिंगरू सोडताक्षणी चौखूर उधळतं, आणि ग्रिटची पट्टी संपते नेमकी तिथेच. म्हणून पट्टीच्या पलीकडे, मैदानात टाच मारून पाहा. जमिनीवर वण उठत नसेल तर त्या दिवशी सोडू नका, तबेल्याच्या आतल्या वाटेत हाताने फिरवा.

सोडायचंच असेल तर गवत आधी टाकून ठेवा, फाटकापासून लांब, मऊ बर्फावर. शिंगरांपेक्षा एक ढीग जास्त ठेवा, म्हणजे एकमेकांना हुसकावणार नाहीत. ग्रिटवर गवत कधीच टाकू नका, दाणे तोंडावाटे पोटात जातात. बरोबर एखादा शांत, वयस्क घोडा असू द्या. एकेक करून आत न्या, तोंड फाटकाकडे वळवा, मगच म्होरकीची दोरी सोडा आणि मागे सरका. नेताना दोरी सैल ठेवा. डोकं खाली घालून पाऊल कुठे पडतंय ते शिंगराला बघता आलं पाहिजे. नेणाऱ्याच्या बुटांनाही काटे हवेत. माणूस घसरला की दोरीला हिसका बसतो आणि घोडा त्याच्यावरच येतो.

नाल नसलेला खूर बर्फावर गुळगुळीत लोखंडी नालेपेक्षा चांगला धरतो आणि त्यात बर्फाचे गोळेही कमी साचतात. शिंगरं बिननालाचीच असतात, हे बरंच आहे. हिवाळ्यातही ६ ते ८ आठवड्यांनी खूर कापून घ्या. आत आणल्यावर खाचांतली ग्रिट रोज काढा, विशेषतः टाचेकडची.

टाकीपाशी ग्रिट टाकण्याआधी गळती बंद करा. शिंगरं पाण्यात तोंड घालून खेळतात, पाणी सांडतं, आणि तिथला बर्फ रोज बोटभर वाढतो. त्यावर कितीही गोण्या ओतल्या तरी उपयोग नाही. टाकी काठोकाठ न भरता वीतभर खाली ठेवा आणि आठवड्यातून एकदा कुदळीने बर्फ फोडून काढा.

गोणी झाकणाच्या बादलीत ओतून कोरड्या जागी ठेवा, ओली ग्रिट गोठून अख्खी ढेकूळ होते. मार्चअखेर फाटकापाशी साचलेला थर दाताळ्याने ओढून घ्या. धुऊन वाळवला तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा चालतो.