अंडी घरंगळणारा सामूहिक खोपा : आठ महिने वापरल्यानंतर

जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या गादीवर मोकळ्या ६० कोंबड्या आणि १२० × ५० सेंमीचा एक सामूहिक खोपा, म्हणजे अनेक कोंबड्यांनी एकत्र अंडी घालायची पेटी. तिच्या उतरत्या तळावरून अंडी घरंगळत ट्रेमध्ये जातात. युरोपीय संघाच्या १९९९ च्या नियमावलीनुसार सामूहिक खोप्यात १ चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १२० कोंबड्या चालतात. त्या हिशेबाने इथे ७२ मावल्या असत्या. म्हणजे जागा पुरेशी. तरी सुरुवातीला अंडी गादीवरच सापडायची. दोष तळाचा होता.

खोप्यासोबत तळाला प्लॅस्टिकची जाळी येते आणि कोंबडीला ती रुचत नाही. अंडे घालायच्या तासभर आधीपासून ती जागा हुडकत असते. डोकावते, आत जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. बसली की छातीने तळ दाबत गोल फिरते, पायाने उकरते, चोचीने आसपासचे काहीबाही अंगाशी ओढते. जाळीवर यातले काहीच साधत नाही, मग ती उठून गादीचा अंधारा कोपरा गाठते. मनाजोगती जागा मिळालीच नाही तर येरझाऱ्या घालते, अंडे रोखून धरते. हा तिच्यावरचा खरा ताण आहे, नखरा नव्हे. जाळीवर कृत्रिम गवताची छिद्रांची चटई अंथरली की तीच कोंबडी निवांत बसते.

उतारही बदलावा लागला. मूळचे पाय ५० सेंमीला ९ सेंमी उतार देतात, म्हणजे १८ टक्के. अंडी झटपट ट्रेमध्ये येतात, पण आधीच्या अंड्यांवर आपटून तडकतात, आणि घसरत्या जागी कोंबडी बसायला नाखूश असते. मागचे दोन पाय उंच आहेत, त्यांच्याखालच्या ठोकळ्या काढून उतार ६ सेंमीवर आणला. एवढ्या उतारावर चटई आखूड लवेचीच हवी. लव लांब असली की अंडे मध्येच अडकते. ताजे अंडे ओले असते, अडकले की त्याला पीस नि विष्ठा चिकटलीच.

पुढचा रबरी पट्ट्यांचा पडदा उत्तम, आत हवा तसा अंधार राहतो. आत दिवा मुळीच लावू नका. अंडे पडताना गुदाचा लाल, ओला भाग क्षणभर बाहेर येतो. उजेडात तो दिसला की शेजारणी टोचतात, आणि त्या जखमेतून कोंबडी जीवानिशी जाऊ शकते.

या खोप्याची मोठी उणीव म्हणजे मधे आडभिंत नाही. कोंबड्यांना कडेचा कोपरा आवडतो आणि जिथे एक बसली तिथेच दुसरी घुसते. सकाळी दोन्ही टोकांना एकीवर एक चढतात, मधला भाग रिकामा राहतो. खालची गुदमरून मरण्याची भीती असते. मधोमध प्लायची फळी बसवली की आणखी दोन कोपरे मिळतात आणि गर्दी विभागते. ही फळी कारखान्यातूनच यायला हवी.

तलंगा (तरुण कोंबड्या) पहिल्यांदा अंड्यावर यायच्या दहा-बारा दिवस आधी खोपा उघडा, पडद्याच्या दोन पट्ट्या वर बांधून ठेवा. गादीवरची अंडी दिवसातून चार-पाच वेळा उचला. तिथे एक राहिले की दुसरीला तीच जागा वाटते. बहुतेक अंडी शेडमधले दिवे लागल्यापासून पाच-सहा तासांत पडतात. त्या वेळात खाद्य टाकू नका, बसलेली उठून पळते. संध्याकाळी सगळ्या बाहेर आल्याची खात्री करून झडप लावा, नाहीतर रात्री आतच झोपून चटई घाण करतात. पहाटे दिवे लागण्याआधी ती उघडलीच पाहिजे. अंडी पोटाखालून निघून जात असल्याने खुडूक होऊन उबवायला बसणाऱ्या मात्र कमी होतात.

साफसफाईत लाल माइट या बारीक किडींकडे लक्ष द्या. दिवसा त्या चटईच्या पाठीला आणि फळीच्या सांध्यांत दडतात, रात्री रक्त पितात. उबेत त्यांची पिढी आठवडाभरात तयार होते, म्हणून चटई दर आठवड्याला उलटून पाहा. राखाडी भुकटी किंवा लाल ठिपके दिसले तर चटई काढून गरम पाण्याने धुवा, कडक उन्हात वाळवा आणि सांधे तारेच्या ब्रशने घासा. आळीपाळीने वापरायला चटयांचा दुसरा जोड जवळ ठेवा, कारण ओली चटई अंथरली की कोंबड्या पुन्हा गादीवर जातात.