राणीचं पदक आणि मोराचं तिकीट

आजीच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक मोर चिकटवलेला होता. सोनेरी शाईतला, पिसारा बोटाला लागेल असा उठावाचा. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर अशी चित्रांची तिकिटं, म्हणजे लेबलं, असत. इंग्रजी वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्रावरूनच माल ओळखायचं. वाडा पाडला तेव्हा ती ट्रंक मीच भंगारात दिली. नंतर फार चुटपुट लागली.

जुन्या वस्तूंच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मोराबद्दल विचारलं. दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन. "काका, मोर आहे ना माझ्याकडे! अशी तिकिटं म्युझियममध्ये काचेत ठेवतात." यात खोटं काही नव्हतं, बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीकडे त्यांचा संग्रह आहे. मागितलेली वस्तू रात्रीत कशी सापडली, हे मात्र मला सुचलं नाही.

सहा तिकिटं घेतल्यावर त्याने हळूच पदक काढलं. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा संस्थानिकांना सोन्याची आणि इतर मानकऱ्यांना चांदीची पदकं दिली होती. चांगलं ५८ मिलिमीटरचं, मागे इंग्रजी, फारसी आणि नागरी अक्षरं. "दक्षिणेतल्या एका संस्थानच्या कारभाऱ्यांच्या घरातलं आहे, नाव सांगू नका म्हणालेत." कारभाऱ्यांची अब्रू सांभाळायला मीही लगेच तयार! सोबत सरकारी सर्टिफिकेटचा फोटो. इंग्रजी मजकूर, शिक्का, सही. एकूण ३८,००० रुपये, दोन हप्त्यांत यूपीआयने.

दिवाळीत भाची आली. ती छपाईच्या धंद्यात आहे. तिने दहापट भिंग मोरावर धरलं आणि गप्पच झाली. मग मला दाखवलं: सगळीकडे एकसारख्या, ओळीत बसवलेल्या रंगीत ठिपक्यांची जाळी. म्हणजे आजची ऑफसेट छपाई. त्या काळी दगडावर चित्र काढून छापत, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, ठिपके हाताने काढलेले, म्हणून वेडेवाकडे दिसतात. नंतर खोलीत अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला, तर कागद निळा-पांढरा चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरची. कडांचा पिवळेपणा बहुधा चहाचा असावा. टॉर्च काहीशे रुपयांना मिळतो. मी तो ३८,००० गेल्यावर घेतला.

पदक सोनाराकडे नेलं. त्याने कडेवरून नख फिरवलं. "अण्णा, हे ओतीव आहे. जोड लागतोय बघा." खरं पदक ठशाने पाडलेलं, अक्षरांच्या कडा धारदार. माझ्या पदकावरची नागरी अक्षरं मेण वितळल्यासारखी. आणि चांदी? जर्मन सिल्व्हर.

विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन तोवर दोन महिने झाले होते. ही हेल्पलाइन तासाभरात फोन केला तर कामाची.

पोलीस ठाण्यात मी ते सर्टिफिकेट पुढे केलं. जुन्या वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो, तो मी मागितलाच नव्हता. याच कागदावर माझा भरवसा. हवालदारांनी सावकाश वाचलं. मथळ्यात 'नॉन-अँटिक्विटी' असं होतं. पुरावस्तू नसलेली वस्तू परदेशी पाठवताना कस्टमने अडवू नये म्हणून पुरातत्त्व खात्याकडून घेतात, तो दाखला.

"काका," ते म्हणाले, "वस्तू जुनी नाही असं यात लिहूनच दिलंय की हो त्याने. तुम्ही वाचलं नव्हतं?"