जुन्या दुनळीची नळी तपासायची, तर पैसे कोणत्या गेजवर घालावेत?

सांगली-साताऱ्याकडं पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या जुन्या विलायती बारा बोअर दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, अजून सापडतात. त्या तपासायला बसलेला परवानाधारक गनस्मिथ आधी बोअर गेज, म्हणजे नळीचा आतला व्यास मोजायचं साधन, घेतो आणि तिथंच गणित चुकतं.

दोन टोकांचं डायल बोअर गेज, १८ ते ३५ मिमी. मितुतोयो किंवा बेकरचं असेल तर अचूकतेची तक्रार नाही, ०.०१ मिमी लीस्ट काउंट (सर्वांत लहान मोजता येणारं माप) पुरतो. तक्रार दांड्याची आहे. या मापाच्या गेजचा दांडा साधारण १०० मिमी असतो आणि ब्रिटिश प्रूफच्या (नळी दाब सोसते का, याच्या सरकारमान्य चाचणीच्या) हिशोबात बोअर मोजतात ब्रीचपासून, म्हणजे काडतूस घालायच्या टोकापासून, ९ इंचांवर, म्हणजे २२९ मिमी आत. एक्स्टेन्शन मिळत नसेल तर घेऊच नका. फुल चोकचं, म्हणजे पुढं सर्वांत जास्त आवळलेल्या नळीचं, तोंड १७.५ मिमीच्या आसपास, तेही या गेजच्या रेंजबाहेर. तिथं व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांवर अंदाज घ्यायचा, बस. शून्य रिंग गेजवर, म्हणजे ठरावीक मापाच्या कड्यावर, लावा. नळीत गेज पुढं-मागं झुलवून सर्वांत कमी रीडिंग धरा, मग ९० अंश फिरवून पुन्हा. आधी ब्रश मारून शिशाचा थर काढला नसेल, तर बोअर आहे त्यापेक्षा लहान दिसेल.

आकडा मिळाला तरी तो नळीवरच्या प्रूफच्या ठोशांशेजारी ठेवूनच वाचायचा. १८.५२ मिमी म्हणजे ०.७२९ इंच, पुस्तकी बारा बोअर. पण नळीवर जुना ‘१३/१’ ठोसा असेल तर ती मुळात ०.७१९ इंचाची. म्हणजे १० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) आतून गेले आणि ‘परफेक्ट’ वाटणारी तीच नळी प्रूफबाहेर!

बोअर गेजला न दिसणारी गोष्ट म्हणजे बाहेरून झालेली घासाई. पोचा आतून उचलायच्या ऐवजी कानशीनं बाहेरून सपाट केला, तर बोअर जागच्या जागी राहतो, भिंत मात्र पातळ होते. म्हणून पहिले पैसे वॉल थिकनेस गेजवर घाला. रचना साधी: उभा दांडा, टोकाला बॉल, समोर स्प्रिंगवरचा डायल. नळी दांड्यावर उतरवून हळूहळू फिरवायची, दर इंचाला रीडिंग. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टूलरूमला स्केच दिलं तर बनूनही येतं. फक्त दांडा ताठ हवा. तो लवला की भिंतीची जाडी चुकीची दिसते. २० थाऊच्या, म्हणजे ०.५१ मिमीच्या खाली काटा गेला की नळी बाजूला ठेवायची.

चेंबर गेज, म्हणजे काडतूस बसायच्या खोबणीची लांबी मोजायचं साधन, पितळी घ्या, ओरखडे पडत नाहीत. ६५ आणि ७० मिमीच्या खुणा पुरेत. ६५ च्या चेंबरमध्ये ७० मिमीचं काडतूस विनातक्रार बसतं, कारण दुमडलेलं तोंड उघडल्यावरच ते पूर्ण लांबीचं होतं. तेव्हा ते चेंबरपुढच्या निमुळत्या उतारात घुसतं आणि दाब चढतो. ‘काडतूस बसतंय की’ हा पुरावा इथं चालत नाही.