मागून आणलेली इको आणि दोघांची कोकण फेरी

आठ-दहा दिवस दोघांनी फिरायचं, रात्री गाडीतच पाठ टेकायची आणि गाडी मात्र दुसऱ्याची, अशा प्रवासाला मारुतीची इको चांगली आहे. अट एकच, ताशी सत्तरच्या आत चालवायची तयारी हवी. घाईत असाल तर कुणाची साधी हॅचबॅक मागा, अंग कमी दुखेल. पुण्यात इको मिळायला अडचण नाही. केटरिंगवाले, किराणा दुकानदार, मोठं खटलं सांभाळणारे काका, कुणाच्या ना कुणाच्या दारात ती उभी असतेच. इथं तिची पारख एका ठरावीक वाटेसाठी केली आहे: पुण्याहून ताम्हिणीतून माणगाव, मग दिवेआगरपासून किनाऱ्या-किनाऱ्यानं गणपतीपुळे आणि परतताना रत्नागिरी, आंबा घाट, कोल्हापूर.

इको २०१० च्या जानेवारीत आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचं इंजिन बदललं. मागताना कुठल्या सालची आहे हे विचारा, कारण दोन्हींत बराच फरक आहे. नव्या १२०० सीसी इंजिनाची ताकद पेट्रोलवर ८०.७६ पीएस (अश्वशक्ती), जुन्याची ७३ च्या आसपास. नवीत पुढच्या सीटची पाठ मागं कलते, जुनीत ती सरळसोट उभी. कंबरेमागं गुंडाळलेला टॉवेल आणि दर दीड तासाला चालक बदलणं, एवढाच त्यावर इलाज. जुन्या इकोला पॉवर स्टीअरिंगही नाही. चाकं किंचित फिरती ठेवून वळवायची सवय झाली की हात भरून येत नाहीत. उभ्या गाडीत वळवायला गेलात तर खांदे दुखतील आणि टायरही घासतील.

सुरक्षेचं स्पष्ट सांगायला हवं. २०१६ मध्ये गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं एअरबॅग नसलेली इको आपटून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. पुढं एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग आल्या, पण पाय आणि बंपर यांच्यात मोकळी जागा फारच थोडी, ही ठेवण तीच राहिली. म्हणून एअरबॅग नसलेली जुनी गाडी मिळत असेल तर ती घेऊन महामार्गावर रात्री जाऊ नका.

आधी कागद. नंबरप्लेट पांढरी की पिवळी ते बघा. पिवळी असेल, म्हणजे शाळेच्या मुलांची किंवा मालवाहतुकीची, तर परवान्याच्या अटी लागू होतात. अशी गाडी सहलीला मागूच नये. पांढऱ्या प्लेटच्या गाडीचं भाडं मालकाला देऊ नका. पैसे घेऊन दिलेली खासगी गाडी म्हणजे भाड्याची गाडी, आणि अपघातात विमा कंपनी नेमकं तेच कारण पुढं करते. पेट्रोल, टोल, तेलबदल हा खर्च तुम्ही करा, तेवढं पुरेसं आहे. आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण ती मालकाच्या खात्यात असणार. म्हणून प्रती सोबत घ्या, शिवाय 'माझ्या संमतीनं गाडी नेत आहेत' अशी मालकाच्या सहीची चिठ्ठी, तारखांसह.

विम्यात दोन खाचखळगे आहेत. थर्ड पार्टी विमा गाडीला चिकटलेला असतो. मालकाच्या संमतीनं आणि वैध परवान्यानं चालवणारा कुणीही असला तरी तो लागू होतो. पण १५ लाखांचं 'मालक-चालक' अपघात संरक्षण फक्त मालकाचं, तुमचं नाही. दोघांनीही स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा आधी काढावा. दुसरं म्हणजे गाडीच्या नुकसानीचा दावा केला की मालकाचा साठलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. दार चेपलं, आरसा फुटला, तर पदरचे पैसे घालून दुरुस्त करणंच सभ्यपणाचं, आणि बहुतेक वेळा स्वस्तही.

फास्टॅगही मालकाच्या खात्यातून कापला जातो, तेव्हा निघण्यापूर्वी तुम्हीच रिचार्ज करून द्या. त्या गाडीवर ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला (तेव्हा ३००० रुपयांचा) वार्षिक पास असेल तर कोल्हापूर ते पुणे वाटेवर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे चारही नाके त्यात धरले जातात. प्रत्येक नाका एक फेरी, एकूण फेऱ्या २००. त्यातल्या चार तुम्ही वापरल्या हे मालकाला सांगून टाका.

गाडीची तपासणी निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी हवी. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळं सीट उचलल्याशिवाय काहीच दिसत नाही आणि म्हणूनच वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. इंजिन थंड असताना डिपस्टिक आणि कूलंट पाहा. रेडिएटर पुढं नाकाशी आणि इंजिन सीटखाली, मधे लांब पाइप. या पाइपांच्या जोडावर हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर तिथं कूलंट झिरपतंय. क्लॅम्प आणि पाइप बदलायची किंमत किरकोळ, ताम्हिणीत गाडी उकळली तर अख्खा दिवस गेला. मग एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. झाला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर या क्रमानं बघायला सांगा. सीट पुन्हा बसवताना लॉकचा आवाज आल्याची खात्री करा, नाहीतर पहिल्याच जोरदार ब्रेकला सीट माणसासकट उचलली जाते.

इकोला ओढ मागच्या चाकांची आहे, त्यामुळं खालून प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) जातो. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना खालून 'टक्' असा घण मारल्यासारखा आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, झिजलाय. गावात तो महिनोन् महिने चालतो, लांबच्या चढणीवर मात्र भरवसा नाही. सरकत्या दाराचे रोलर आणि रूळ बघा. रुळात वाळू अडकली की दार पूर्ण लागत नाही आणि वळणावर आपोआप मागं सरकतं. आधी ब्रशनं साफ करा, मग थोडंसं ग्रीस. उलट केलंत तर ग्रीस वाळू धरून ठेवतं.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. ३२२१ म्हणजे २०२१ च्या ३२ व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर घाटात नको. हवेचा दाब दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तोच ठेवा. स्पेअर चाक एकदा खरोखर बाहेर काढा, जॅक लावून पाहा, पान्यानं नट सैल करून पुन्हा आवळा. मशिननं आवळलेले नट घाटात हातपान्यानं सुटत नाहीत. फॅन बेल्ट, हेडलाइटचे बल्ब आणि फ्यूज नाना पेठेत मिळतात, फक्त गाडीचं साल सांगा. त्यासोबत एक लिटर कूलंट, गाडीत आहे त्याच ग्रेडचं अर्धा लिटर ऑइल, ट्यूबलेस पंक्चरचा संच आणि बारा व्होल्टचा हवा पंप. एवढ्यानं बहुतेक अडचणी रस्त्यातच सुटतात.

आता झोपायचं, आणि इको मागायचं खरं कारण तेच. गाडीची एकूण लांबी ३६७५ मिमी, रुंदी १४७५ मिमी. पण आतलं माप कुणाच्या सांगण्यावर घेऊ नका. टेप घेऊन जा आणि पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत, चाकांच्या उंचवट्यांमधलं आणि जमीन ते छत अशी तीन मापं स्वतः घ्या. मागचा बाक दुमडतो का, सीएनजीचा सिलिंडर असल्यास तो कुठं बसवलाय, हेही तेव्हाच कळतं. सिलिंडर बाकामागं असेल तर पाय पसरून झोपायचा बेत सोडा, ती गाडी फक्त फिरायला घ्या. बाक काढायचाच असेल तर मालकाला विचारून, बोल्ट पिशवीत घालून पिशवी बाकालाच बांधून ठेवा, आणि फेरी संपल्यावर बेल्टसकट जसाच्या तसा बसवून द्या.

झोपायच्या फळ्यांसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. १२ मिमीचा प्लाय घ्या, १८ चा उगाच जड होतो. ८ बाय ४ फुटांची १२ मिमीची शीटच बावीस-तेवीस किलो भरते. ती दोन तुकड्यांत कापून मधे बिजागरी लावा, म्हणजे दिवसा अर्धी उचलून बसता येतं. पाय चाकांच्या उंचवट्यापेक्षा बोटभर उंच ठेवा आणि पायांना खालून रबर लावा. गाडीला एकही भोक पाडायचं नाही, फळी नुसती अडकून बसली पाहिजे. वर तीन इंची घट्ट फोम. मऊ फोम पहिल्या रात्री छान वाटतो, तिसऱ्या रात्री प्लाय लागायला लागतो. फळीखाली सामान ठेवायला जागा मिळते. तिथं पाण्याचे कॅन आणि जड वस्तू मागच्या अॅक्सलच्या वर, अगदी तळाला. त्याचा दुसरा फायदा घाटात होतो.

डोकं मागच्या दाराकडे, पाय इंजिनाकडे. दिवसभर चाललेल्या इंजिनाची धग पुढच्या सीटखालून बराच वेळ येत राहते. डोकं उंच राहावं म्हणून गाडीचं नाक किंचित उताराकडे, रिव्हर्स गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवा, नाहीतर सकाळी छतावरून थेंब पडतात. पत्र्याची चौकट असल्यानं मच्छरदाणीच्या कापडाला छोटी लोहचुंबकं शिवली की काम होतं. चुंबकं आणि काचांना लावायचा चंदेरी फोम बोहरी आळीत शोधा. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाविना आत येतो आणि झोपेतच जीव घेतो. गॅसची शेगडीही आत नको. सीएनजी गाडीत तर मुळीच नको. एप्रिल-मेमध्ये हा पत्रा रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या गाडीचा हंगाम.

चालवायला इको कशी? कोकणात अतिशय सोयीची. वळायला साडेचार मीटरची त्रिज्या लागते, त्यामुळं दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असलेल्या आळीत समोरून एसटी आली तरी मागं-पुढं करून निघता येतं. घाटात मात्र लक्ष हवं. मागची चाकं ओढतात आणि मागं वजन नसेल तर ओल्या वळणावर शेपूट सरकतं. मघाशी सांगितलेले पाण्याचे कॅन इथं उपयोगी पडतात. तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या पुढं चढला किंवा लाल दिवा लागला की एसी बंद, बाजूला घ्या, अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

सीएनजीवर ताकद ७१.६५ पीएसपर्यंत उतरते. सपाटीला ते जाणवतही नाही, आंबा घाटात जाणवतं. चढणीला पेट्रोलवर टाका, म्हणजे टाकीत पेट्रोल कायम हवं, किमान दहा लिटर. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाची) झाल्याची पट्टी बघा. ती मुदतबाह्य असेल तर पंपावर गॅस मिळत नाही. कंपनी पेट्रोलला १९.७१ किमी आणि सीएनजीला किलोमागं २६.७८ किमी सांगते. घाट, एसी आणि सामान धरून हिशोब करताना पेट्रोलचे चौदाच धरा. सगळी फेरी आडवाटांसह ९०० किमी झाली तर ६५ लिटर.

किनाऱ्यानं जाताना जंगल जेट्टीच्या, म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडून देणाऱ्या बोटीच्या, फेऱ्या लागतात: बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. ओहोटीला रॅम्पची चढण वाढते आणि इकोचं नाक खाली आहे. सोबतच्या माणसानं उतरून बाजूनं कोन बघावा. पहिल्या गिअरात, एकसारख्या रेसवर चढवा. ओल्या रॅम्पवर रेस दाबली की मागची चाकं जागीच फिरतात. वाळूवर गाडी उतरवू नका. अरुंद टायर आणि मागची ओढ, दोन मिनिटांत अॅक्सलपर्यंत रुतते आणि भरतीला ट्रॅक्टर शोधत बसावं लागतं.

परतीला कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना सांगायला नको. भरलेली इको तिसऱ्या गिअरात उतरवा, न्यूट्रल कधीच नाही. मागं ड्रम ब्रेक आहेत. सतत पाय ठेवला की तापतात आणि शेवटी, जिथं खरी गरज असते तिथं, ब्रेक धरत नाहीत. दोन गाड्यांमागचे ट्रक आरशात बघत डावीकडे राहा.

घरी आल्यावर आधी धुलाई, तीही खालून, गोड्या पाण्यानं. खाऱ्या हवेचं मीठ सरकत्या दाराच्या रुळात आणि चाकांच्या कमानीत बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दिसतो. टाकी जेवढी होती त्याहून थोडी जास्त भरा, बाक बसवा, किलोमीटरचा आकडा मालकाला दाखवा. ई-चलान गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या मोबाइलवर जातं आणि कधीकधी उशिरा येतं. म्हणून पंधरा दिवसांनी, आणि पुन्हा महिन्यानं, महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून बघा आणि काही निघालं तर मालकानं सांगायच्या आधी भरून टाका.