सरकारी वकिलांचं शैक्षणिक कर्ज: पीएसएलएफ की जॉन आर. जस्टिस?

अमेरिकेत सरकारी पक्षाचं किंवा सरकारतर्फे आरोपीच्या बचावाचं काम करणाऱ्या वकिलापुढे शैक्षणिक कर्ज फेडण्यासाठी साधारण या दोन संघीय वाटा असतात.

पीएसएलएफ (पब्लिक सर्व्हिस लोन फॉरगिव्हनेस) ही सार्वजनिक सेवेतल्यांसाठीची कर्जमाफी योजना २००७ मध्ये आली. पात्र (मुख्यतः सरकारी किंवा ना-नफा संस्थेतल्या) नोकरीत पूर्णवेळ राहून १२० मासिक हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं आणि त्या माफीवर संघीय आयकर लागत नाही. हप्ते सलग नसले तरी चालतात. अडचण येते ती कर्जाच्या प्रकारावर: फक्त 'डायरेक्ट लोन', म्हणजे संघीय सरकारने थेट दिलेलं कर्ज चालतं. एफएफईएल किंवा पर्किन्स या जुन्या संघीय योजनांमधलं कर्ज आधी एकत्रीकरण करून डायरेक्टमध्ये आणावं लागतं. खासगी कर्ज किंवा आपल्याकडच्या बँकेचं कर्ज यात बसतच नाही. नोकरीचा दाखला दरवर्षी भरून घ्या. दहा वर्षांनी जुन्या कार्यालयाची सही मिळवताना नाकी नऊ येतात.

जॉन आर. जस्टिस ही राज्यांमार्फत मिळणारी संघीय अनुदान योजना; तिच्यात पैसे लगेच, थेट कर्जखात्यात जातात. कायद्यातली मर्यादा वर्षाला १०,००० आणि एकूण ६०,००० डॉलर. प्रत्यक्षात राज्याला किती निधी आला त्यावर सगळं अवलंबून. शिवाय तीन वर्षं सेवेचा करार; मध्येच सोडलं तर परतफेड. दिवाणी विधी साहाय्यातल्या वकिलांना ही योजना नाही.

दोन्ही एकत्र घेता येतात, पण हिशेब पाहा: हप्ते उत्पन्नानुसार ठरत असतील, तर अनुदानाने मुद्दल कमी झाल्याने हप्ता सहसा घटत नाही. जी रक्कम पुढे माफच झाली असती, तीच आधी फिटते. दहा वर्षं टिकायची खात्री नसेल, तर मात्र अनुदान नक्की घ्यावं.