नवी ३५ की जुनी ५८? स्वस्त मॅन्युअल प्राइम निवडताना

किट झूमवर वर्ष-दीड वर्ष निघालं की घरातल्या उजेडात फोटो काढताना हात टेकायची वेळ येते. झूम पुढे नेला की लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/५.६पर्यंत लहान होतं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). मग शटर तरी हळू करा, नाहीतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, तरी चढवा. एफ/१.४ची लेन्स त्याच जागी सोळापट प्रकाश घेते, म्हणून प्राइमचा, म्हणजे झूम नसलेल्या, एकाच फोकल लेंथच्या लेन्सचा शोध सुरू होतो. ऑटोफोकसच्या प्राइमच्या किमती पाहिल्या की तो हाताने फोकस करायच्या मॅन्युअल लेन्सकडे वळतो आणि तिथे दोन वाटा फुटतात. एक वाट मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीच बनवलेल्या नव्या ३५ मिमी एफ/१.४ची. दुसरी फिल्मच्या काळातली जुनी लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून वापरायची. या दुसऱ्या वाटेवर बहुतेकांना आधी भेटते ती हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ मिमी एफ/२.

माझ्याकडे दोन्ही आहेत आणि क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दोन्ही भरपूर वापरून झाल्या आहेत. नव्या लेन्सचं नाव लिहीत नाही. मला जी अडचण आली ती या वर्गातल्या बऱ्याच लेन्समध्ये सापडते, एकीलाच बोल लावणं बरोबर होणार नाही. ज्यांना पळती मुलं किंवा खेळ टिपायचे आहेत त्यांनी थोडं थांबावं, पैसे साठवावेत आणि ऑटोफोकसच घ्यावा. पुढचं सगळं बाकीच्यांसाठी.

आधी एक गोष्ट मान्य करतो: या दोन लेन्स एकमेकींच्या जागी बसत नाहीत. क्रॉप सेन्सरवर ३५ म्हणजे पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने साधारण ५२ मिमीचा कोन आणि ५८ म्हणजे ८७चा. पहिलीत खोलीतली चार माणसं मावतात, दुसरीत एकाचा चेहरा आणि खांदे. खोली लहान असेल तर ५८ घेऊन मागे सरकत पाठ भिंतीला लागते. तरीही पैसे एकीपुरतेच असतात तेव्हा लोक याच दोघींमध्ये अडकतात. मीही अडकलो होतो.

नव्या लेन्सचं कौतुक मनापासून करतो. ती मुठीत मावते, अंग धातूचं आहे, कॅमेऱ्यावर लावली की तोल बिघडत नाही. एफ/१.४ला मधला भाग कामापुरता धारदार असतो, फक्त उजेडाच्या कडांना जांभळी झाक येते आणि कॉन्ट्रास्ट जरा पातळ वाटतो. एफ/२.८पर्यंत बंद केली की दोन्ही तक्रारी जवळपास मिटतात. सूर्य चौकटीत आला तरी ती जुनीइतकी हबकत नाही, कारण काचांवरचा लेप आजचा आहे. अ‍ॅडॅप्टरची भानगड नाही. कागदावर निर्णय इथेच व्हायला हवा होता.

तो झाला नाही, आणि त्याला कारण अ‍ॅपर्चरची रिंग. या लेन्सच्या रिंगला खटके नाहीत. एफ/१.४पासून एफ/१६पर्यंत ती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. व्हिडिओवाल्यांना हे हवंच असतं, कारण चालू शॉटमध्ये अ‍ॅपर्चर बदललं तरी झटका दिसत नाही. पण फोटो काढणाऱ्याची बोटं फोकसच्या रिंगवर असतात आणि अ‍ॅपर्चरची रिंग तिच्यापासून बोटाच्या पेरभर अंतरावर. फोकस फिरवताना अंगठ्याची कड तिला लागते आणि ती सरकते. आवाज नाही, अडसर नाही.

एका नाटकाच्या तालमीचे फोटो काढत होतो. खोलीत दोन दिवे, अ‍ॅपर्चर एफ/२, आयएसओ ऑटोवर. सुरुवातीला कॅमेरा ८००च्या आसपास होता. दोन तास काढत राहिलो आणि त्या दिवशी फोकस चांगला लागतोय म्हणून खूश होतो, पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या कडांवर कॅमेरा दाखवतो त्या लाल रेषा नाकापासून कानापर्यंत पसरत होत्या. रात्री फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा शेवटच्या तासाभराचे सगळे फोटो दाणेदार, पार्श्वभूमीतल्या खुर्च्या आणि पिशव्या स्पष्ट मोजता येतील अशा. आयएसओ ६४०० होता. रिंग एफ/५.६च्या जवळ सरकली होती. तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणजे प्रकाश आठव्या हिश्श्यावर आला होता.

हे मला का कळलं नाही, ते नीट सांगायला हवं, कारण मिररलेसवर हे कोणालाही होऊ शकतं. जुन्या एसएलआरवर, म्हणजे आरशातून थेट लेन्समधून बघायच्या कॅमेऱ्यावर, हाताने अ‍ॅपर्चर बंद केलं की व्ह्यूफाइंडर काळवंडायचा आणि डोळ्याला लगेच कळायचं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर मात्र चित्र आपणहून उजळ करून दाखवतो. अ‍ॅपर्चर लहान झालं की जास्त भाग फोकसमध्ये येतो, तेव्हा पीकिंगच्या रेषाही वाढतात. म्हणजे जी खूण मी यशाची समजत होतो, ती चुकीची होती. वर या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, त्यामुळे फोटोच्या माहितीत एफ क्रमांक नोंदलाच जात नाही. नेमकं कधी सरकलं ते शोधायला मला आयएसओचे आकडे एकेक करून पाहावे लागले.

उपाय केले. रिंगवर कापडी चिकटपट्टी लावली. पट्टी टिकते, पण मग लेन्स एकाच अ‍ॅपर्चरची होते आणि बदलायचं म्हटलं की नखाने ती खरवडत बसा. फोटोआधी रिंगकडे बघायची सवय लावून पाहिली. ती शांत जागी टिकते, माणसं बोलत-हलत असली की विसरते. तुमची बोटं माझ्यापेक्षा बारीक असतील, किंवा तुम्ही कायम एफ/१.४वरच काढत असाल, तर तुम्हाला हा त्रास कदाचित होणारही नाही. काही नव्या लेन्सच्या रिंगला व्यवस्थित खटके असतात. तशी मिळाली तर माझा अर्धा आक्षेप तिथेच गळून पडतो.

आता हेलिओस. तिची रचना १९३६च्या जर्मन बायोटार ५८ मिमी एफ/२वरून घेतलेली, चार गटांत सहा काचा. सोव्हिएत कारखान्यांनी झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती इतक्या प्रमाणात काढली की आजही मिळणं अवघड नाही. मी घेतली ती पार्श्वभूमीतल्या त्या गरगर फिरणाऱ्या धूसरपणासाठी. तो खरा आहे, पण क्रॉप सेन्सरवर त्याची फार आशा धरू नका. ती भोवऱ्यासारखी नक्षी चौकटीच्या कडांना उमटते आणि कडाच सेन्सरबाहेर जातात. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ती छान दिसते. पुढे कधी पूर्ण फ्रेमकडे जायचा विचार असेल तर हेही ध्यानात घ्या की जुनी लेन्स तुमच्याबरोबर येईल, क्रॉपसाठी बनवलेली नवी ३५ येणार नाही.

मला ती आवडू लागली वेगळ्याच कारणाने. तिच्यावर अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत. पुढची खटक्यांची: तिच्यावर आकडा ठरवायचा, समजा ४. तिच्यामागची रिंग गुळगुळीत: ती एका टोकाला पूर्ण उघडी, म्हणजे २, आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही ठरवलेल्या ४वर जाऊन टेकते. त्यापुढे जात नाही. शटर दाबताच अ‍ॅपर्चर आपोआप बंद व्हायची सोय नसलेल्या काळात ही युक्ती काढली होती. उघड्या अ‍ॅपर्चरवर उजळ व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस करायचा, मग डोळा न काढता रिंग टेकेपर्यंत फिरवायची आणि फोटो घ्यायचा. मिररलेसवर तीच पद्धत जशीच्या तशी कामाला येते. व्ह्यूफाइंडर खोटं सांगत असला तरी बोटाला दोन्ही टोकं कळतात. ही रिंगही चुकून हलते, हे कबूल. पण ती हलून जाणार कुठे, तर माझ्या दोन आकड्यांच्या मध्ये. मी ४ ठरवला असेल तर ती कधीही ८वर जाणार नाही.

एक शंका इथे येईल: उघड्यावर फोकस करून मग बंद केलं तर फोकस किंचित सरकतो ना? काही लेन्समध्ये सरकतो. माझ्या लेन्सवर २वरून ४ला येताना मला फरक जाणवला नाही, पण तुम्ही तुमची तपासून घ्या. तिरकी ठेवलेली फूटपट्टी आणि ट्रायपॉड एवढ्यावर दहा मिनिटांत कळतं.

फोकसची तुलना करताना मी सुरुवातीला फसलो होतो. वाटलं, एफ/२ म्हणजे एफ/१.४पेक्षा सोपी. एक मीटरवरून दोन्हींनी काढलं तर क्रॉप सेन्सरवर ३५ला एफ/१.४वर साधारण साडेचार सेंटीमीटर फोकसची खोली (एवढ्याच पट्ट्यातलं स्पष्ट दिसतं) मिळते आणि ५८ला एफ/२वर जेमतेम अडीच. म्हणजे जुनीच अवघड! पण चेहरा चौकटीत तेवढाच मोठा हवा असेल तर ५८ घेऊन तुम्ही दीड मीटरच्या थोडं पुढे उभे राहता, आणि तिथे खोली साडेसहाच्या घरात जाते. शिवाय तिची फोकसची रिंग लांब फिरते, बारीक दुरुस्तीला वाव राहतो. माझा अनुभव असा की खिडकीशी वाचत बसलेल्या माणसाच्या पापणीवर हेलिओसने दहापैकी सात-आठ वेळा फोकस बसतो, नव्या लेन्सने पाच-सहा. मोजमाप म्हणून हे घेऊ नका, माझ्या हातांचा हिशेब आहे.

जुनीचे ताप लपवत नाही. हेलिओसच्या एम४२ माउंटचं (लेन्स बसायच्या जागेचं) सेन्सरपासूनचं अंतर ४५.४६ मिमी आणि सोनी मिररलेसच्या ई माउंटचं १८, म्हणजे मध्ये जवळपास साडेसत्तावीस मिमीची नळी येते. लेन्स लांबोडी होते आणि वजन पुढे झुकतं. अ‍ॅडॅप्टर केसभर आखूड असेल तर अनंताची खूण खोटी ठरते. लांबचा डोंगर काढताना रिंग शेवटपर्यंत फिरवायची नाही, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं करून बघायचं. अ‍ॅडॅप्टरची आतली भिंत चकचकीत असेल तर कॉन्ट्रास्ट धुऊन निघतो, तिथे मॅट काळा लेप हवा. लेन्स आट्यांवर बसते, त्यामुळे आतलं ग्रीस घट्ट झालेलं असेल तर फोकस फिरवता फिरवता अख्खी लेन्सच सुटायला लागते. उजेड समोरून आला की चित्र दुधाळ होतं. ४९ मिमीचं हूड लावल्यावर बराच फरक पडला. कॅमेऱ्यात लेन्स नसतानाही शटर चालू ठेवायची सेटिंग दोन्हींना लागते, आणि कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर फोकल लेंथ हाताने भरावी लागते. तिथे ५८च भरा, ८७ नको.

जुनी घेताना ती हातात घेऊनच घ्या. मागून टॉर्च मारून आत बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. धुकं सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तरी सोडा. धुळीचे चार कण मात्र मनावर घेऊ नका, फोटोत ते दिसत नाहीत. अ‍ॅपर्चरच्या आठही पात्यांवर तेलाची चमक आहे का पाहा. फोकस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये कुठे अडकला किंवा करकरला तर उघडून ग्रीस बदलायचा खर्च धरूनच बोला.

नवीच घ्यायची ठरली असेल तर दुकानात एवढंच करा. अ‍ॅपर्चर २वर ठेवा, डोळा व्ह्यूफाइंडरला लावा, जवळच्या-लांबच्या वस्तूंवर पंधरा-वीस वेळा फोकस करा आणि मग रिंगकडे बघा. अजून २वरच असेल तर बिनधास्त घ्या. घरातल्या घरात, चार माणसांत काढायचं असेल तर तिचा कोन जास्त सोयीचा आहे, यात वाद नाही. माझी नवी ३५ अजून त्याच कामाला लागते, चिकटपट्टी लावून, कायमची एफ/२वर. बाकी दिवशी कॅमेऱ्यावर हेलिओस असते.