गॅसची पाइप तपासायला आले, 3,500 रुपये घेऊन गेले आणि घरात गळती ठेवून गेले

जोतिबाच्या यात्रेचा आदला दिवस. पुरणाची डाळ कुकरला लावलेली, संध्याकाळी गावाकडनं पाहुणे येणार, आमचे हे गोकुळ शिरगावला पहिल्या पाळीला गेलेले. साडेअकराला दोघेजण दारात. गळ्यात ओळखपत्र, खिशावर गॅस कंपनीचं चिन्ह, हातात जाड रजिस्टर. "वहिनी, पाच वर्षांची गॅस तपासणी. सक्तीची हाय."

मला कुणी अडाणी म्हणू नका. अशी तपासणी खरंच असते हे मला माहीत होतं. तिची फी 200 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 236 रुपये, हेही माहीत होतं. त्यानं बरोबर 236 सांगितले आणि तिथंच माझा विश्वास बसला. आकडा इतका अचूक सांगणारा माणूस खोटा असेल असं कुणाच्या मनात येईल?

पुढचं तुम्हाला सांगायला नको. ओट्याखाली वाकला, साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे दाखवले. "पाइप एक्सपायर झालीया. लेकरंबाळं असत्यात घरात." धास्ती घालून झाली की पिशवी उघडली. स्टीलची जाळी असलेली चकचकीत पाइप, म्हणे आयुष्यभर बदलायला नको, 1,450 रुपये. रेग्युलेटर आणि पाइपच्या मधे बसवायचं काटावालं 'सेफ्टी' यंत्र, 1,850 रुपये. तपासणीचे 236. झाले 3,536. "वरचे 36 राहू देत, वहिनी." पाहुण्यांच्या बाजारासाठी डब्यात ठेवलेल्या 500 च्या 7 नोटा मी माझ्या हातानं मोजून दिल्या. फोनवरून देते म्हटलं, तर त्यांचा स्कॅनर बंद होता. रोख मागणाऱ्याला पहिला दाराबाहेर काढा.

एक क्षण मात्र अजून झोपू देत नाही. माझी जुनी केशरी पाइप 2023 साली एजन्सीतनंच घेतलेली. या पाइपची मुदत पाच वर्षं असते आणि ती पाइपवरच छापलेली असते. त्यानं ती उपसून काढली तेव्हा मला अर्धी अक्षरं दिसली. "बघू तारीख," म्हणून मी हात पुढं केला. त्यानं छपाईची बाजू आत घेऊन पाइप गुंडाळली आणि पिशवीत कोंबली. "हात लावू नका, वास लागंल." मी हात मागं घेतला. डाळ अर्धी शिजून थांबलेली, मला गॅस लवकर चालू करून हवा होता. पाच सेकंद हट्ट धरला असता तर 2028 दिसलं असतं.

आणि रजिस्टरात लिहायला त्यानं ग्राहक क्रमांक माझ्याच गॅसच्या पुस्तकातनं उतरवून घेतला! एजन्सीच्या माणसाकडं तुमचं नाव आणि क्रमांक आधीच असतो. तो त्यालाच सांगायला लावा. तुम्ही पुस्तक काढू नका.

तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात वास. उभ्यानं थोडा, खाली वाकल्यावर जास्त. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. मुलाचा हात दिव्याच्या बटणाकडं गेला, तेव्हा मी जी ओरडले तशी आयुष्यात ओरडले नव्हते. बटण चालू नाही, बंदही नाही. अंधारातच रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि अंगणात जाऊन गॅस गळतीच्या मदतीच्या 1906 ला फोन लावला. हा नंबर पाठ करा.

मेकॅनिक आला. यंत्राच्या सांध्यातनं गॅस गळत होता आणि शेगडीच्या नॉझलवर पाइप नुसती अडकवलेली, बोटानं हलत होती. पाइपवर आयएसआयचा शिक्का नाही, मुदत नाही. दीड मीटरच्या वर पाइप नको, यांनी दोन मीटरची लावून उरलेला वेटोळा शेगडीमागं दाबून ठेवला होता. खरी, शिक्क्याची, दीड मीटरची केशरी पाइप दुसऱ्या दिवशी मला 190 रुपयांना मिळाली. 190!

आता एजन्सीचं ऐका. काउंटरवरचा म्हणतो, "आम्ही माणूस पाठवलाच न्हाई, तुम्ही घरात घेतला कशाला?" मग तुमच्याकडं कोण खरा मेकॅनिक आहे याचा फोटो-नावाचा फलक तरी लावा की! तक्रारवही मागितली तर साहेब जेवायला गेलेत. तास बसले, साहेब आले नाहीत. चौकीत गेले, तर तिथला म्हणतो, "पैसे तुम्हीच दिले ना? जबरदस्ती न्हाई केली." खोटं ओळखपत्र दाखवून, खोटं बोलून घेतलेले पैसे, ही फसवणूक नाही तर काय? पैसे ऑनलाइन दिले असते तर सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरवर तक्रार करता आली असती, असंही वर ऐकवलं. शेवटी अर्ज घेतला, पण पोच देईनात. "शिक्का साहेबांकडं हाय." दुसऱ्या दिवशी गेले, शिक्का होता, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी म्हणे आधी एजन्सीचं पत्र आणा. एजन्सी म्हणते पोलिसांनी मागितलं तर देऊ. ह्यांच्या दोन रजा गेल्या, माझे रिक्षाचे 240 रुपये गेले. घरात आग लागली असती तर पंचनाम्याला मात्र सगळे धावत आले असते.

समोरच्या काकींना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, माझ्याकडनं 2,800 नेले त्यांनी. लाजंनं बोलले न्हाई." त्या आधी बोलल्या असत्या तर मी वाचले असते, म्हणून मी माझी लाज बाजूला ठेवून हे लिहितेय. वाचून झालं की बॅटरी घेऊन ओट्याखाली वाका आणि पाइपवरची तारीख स्वतः वाचा. आला कुणी, तर त्याला दाराबाहेर उभा करून पुस्तकावरच्या नंबरवर एजन्सीला फोन लावा. त्यानं दिलेल्या नंबरवर नाही. माझ्या पावतीवरचा नंबर त्याच दिवशी संध्याकाळपासनं बंद आहे.

सोमवारी काकींना घेऊन परत चौकीत जाणार आहे. या वेळी ती दोन मीटरची पाइप आणि ते यंत्र टेबलावर ठेवणार, आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.